गोदामकाकांचा माल

आमच्या विद्यापीठात शेवटच्या वर्षाला इंटर्नशिप सक्तीची होती. ज्यांचे गुण चांगले किंवा ज्यांचा मामा कुठेतरी साहेब, त्यांना मोठ्या कंपन्या मिळायच्या. काचेच्या इमारती, गळ्यात पट्टा, पट्ट्याला फोटो. उरलेल्यांना विद्यापीठ वाऱ्यावर सोडत नसे. त्यांच्यासाठी एक सराव कंपनी होती.

सराव कंपनी म्हणजे नसलेली कंपनी. आमची कंपनी फर्निचर विकायची. इतर विद्यापीठांच्याही अशाच कंपन्या होत्या; कोणी दिवे विकायचं, कोणी कागद. त्यांची मुलं आमच्याकडे ऑर्डर द्यायची, आम्ही त्यांच्याकडे. फोन खरे होते, बिलं खरी होती, उशीर झाला की होणारी भांडणं तर अगदी खरी. नव्हता तो फक्त माल. आणि पैसे.

एका बंद पडलेल्या छापखान्याची इमारत विद्यापीठाकडे होती. वर ऑफिस, खाली मागच्या बाजूला गोदाम. पहिल्या दिवशी मॅडमनी आम्हाला टेबलं वाटून दिली. मॅडम ही कंपनी चालवायच्या. बारीक आवाजाच्या, सतत घशात काही अडकल्यासारख्या. म्हणाल्या, "एक नियम लक्षात ठेवा. इथे कोणी 'खोटं' हा शब्द वापरायचा नाही. आता खाली जा, गोदामकाकांना भेटून या."

गोदामकाका दारातच उभे होते. हडकुळे, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, कानावर पेन्सिल, खांद्यावर पिवळं फडकं. त्यांनी आमच्याकडे न बघता आमच्या पाठीवरच्या पिशव्यांकडे बघितलं.

"पिशव्या बाहेर ठेवा, पोरांनो. बकल घासलं की पॉलिश जातं."

"कशाचं, काका?" उंटानं विचारलं. आमच्यातला सगळ्यात लांब मुलगा म्हणून तो उंट, आणि सगळ्यात आधी तोंड उघडायचा तोही उंटच.

काका बाजूला झाले. लांबलचक खोली, छताजवळ खिडक्या, खिडक्यांतून तिरपा उजेड. खोलीत काहीही नव्हतं. भिंतीपासून भिंतीपर्यंत नुसती फरशी.

"डावीकडे फिरत्या खुर्च्या," काका म्हणाले. "त्यांच्या मागे हातांच्या. मधे टेबलं. कपाटं भिंतीला, त्यांची दारं उघडू नका, बिजागऱ्या नव्या आहेत. या माझ्या मागून, एकेक जण."

ते चालायला लागले. सरळ नाही. दहा पावलं पुढे, मग उजवीकडे वळून, मग अंग चोरून आडवे, मग पुन्हा पुढे. आम्ही मुंग्यांसारखे त्यांच्यामागे. उंट माझ्या कानाशी पुटपुटला, "यापेक्षा मूकनाट्य बरं. निदान शेवटी टाळ्या तरी मिळतात."

काकांची एक पद्धत होती. कंपनीच्या नियमाप्रमाणे ऑर्डर आली की चलान फाडायचं, बिल लावायचं, काम संपलं. काकांना ते मान्य नव्हतं. माल उचलून दारापर्यंत आणल्याशिवाय ते चलानावर सही करत नसत. खुर्ची असेल तर एकानं, टेबल असेल तर दोघांनी. आम्ही रिकामे हात पुढे धरून चालायचो आणि काका बाजूनं ओरडत यायचे. "अगं, पाठीतून नाही, गुडघ्यातून उचल! अरे, तू काय देवाची पालखी उचलतोयस? खाली धर, तिच्या पायाशी. आपटू नको. ठेव. हां. आता श्वास सोड."

पहिले काही दिवस आम्ही हसून हसून बेजार झालो. मग हसणं कमी झालं. कसं ते सांगता येत नाही. एके दिवशी लक्षात आलं की टेबल ठेवल्यावर आपण खांदे चोळतो. आणखी एके दिवशी लक्षात आलं की काका नसतानाही आपण वळणं घेऊनच चालतो.

आणि मग वकिलिणीनं टाळी वाजवली.

वकिलीण म्हणजे आमच्यातली एक मुलगी. बाप नाही, आई एका लाँड्रीत दिवसभर उभी राहून इस्त्री करायची. हिला मोठी कंपनी थोडक्यात हुकली होती आणि तो राग ती रोज डब्यासारखा सोबत आणायची. कशावरही वाद घालायची, म्हणून वकिलीण. त्या दिवशी गोदामाच्या दारात उभी राहून तिनं एक टाळी वाजवली. मग आणखी एक.

"ऐकलंत?"

"काय?"

"तेच. काही ऐकू आलं का परत?"

आलं नाही. एवढी मोठी रिकामी खोली, उघडी फरशी, उंच छत. टाळी घुमायला हवी होती. पण टाळी विझली. जशी सामानानं भरलेल्या खोलीत विझते, तशी.

उंटानंही एक वाजवून बघितली. तीही विझली.

काकांची हकिगत आम्हाला मॅडमनी सांगितली, चहा पिता पिता, अगदी सहज. ते एका खुर्च्यांच्या कारखान्यात भांडार सांभाळायचे. उभं आयुष्य तिथेच गेलं. कारखाना बुडाला, एका व्यापाऱ्यानं सगळा माल एकगठ्ठा उचलला. पण मालकांचं आपसात कोर्टात भांडण चाललं होतं, त्यामुळे गोदामाची किल्ली काकांकडेच राहिली. रिकामं गोदाम. काका रोज जायचे, उघडायचे, झाडायचे, बंद करायचे. मग विद्यापीठाला सराव कंपनीसाठी एक कॅटलॉग हवा होता, तो त्या कारखान्याचा मिळाला.

"आणि कॅटलॉगबरोबर काकाही आले," मॅडम म्हणाल्या. मग घसा खाकरून, "कामाला चोख आहेत."

काचेच्या इमारतींतली आमची मित्रमंडळी संध्याकाळी भेटायची. एकजण दिवसभर मोठ्या माणसांच्या बैठकीत मागच्या खुर्चीवर बसायचा आणि त्याला काही बोलायची परवानगी नव्हती. एकीचं काम फोटोकॉपी. एकाला तर अजून कोणी कामच सांगितलं नव्हतं. तो रोज नवा शर्ट घालून जायचा. पण गळ्यातला पट्टा सगळे शर्टाबाहेर ठेवायचे, चहाच्या टपरीवरही. "तुमचं काय चाललंय?" ते विचारायचे. आम्ही म्हणायचो, "ऑर्डरी आहेत, धावपळ आहे." एवढं खरं होतं.

आमच्यात इंटर्नशिपबद्दल तीन पक्ष पडले होते. काहींचं म्हणणं, कागद मिळतोय ना, मग गप्प बसा. काहींना वाटायचं की आपण खरंच काहीतरी शिकतोय. फोनवर तोल न घालवता बोलणं, चुकलेलं बिल परत करणं. वकिलीण तिसऱ्या पक्षात, आणि तो पक्ष वाढत होता.

"मुलाखतीत पहिला प्रश्न काय येतो? कुठे काम केलंत? गेल्या वर्षीच्या त्या मुलानं आपल्या कंपनीचं नाव सांगितलं. त्यांनी शोधलं. म्हणाले, ही कंपनी नाहीच आहे, तुम्ही आम्हाला बनवताय. हाकललं त्याला. ज्या अनुभवाचं नाव सांगता येत नाही, त्याचं मी काय लोणचं घालू?"

तिनं तक्रार लिहिली. ही इंटर्नशिप धरू नये, आम्हाला खऱ्या ठिकाणी पाठवावं, ही कंपनी बंद करावी. बहुतेकांनी सही केली. उंट म्हणाला, "करतो बाई. इथे आल्यापासून पहिल्यांदाच काहीतरी खरं करतोय."

तक्रार द्यायच्या आदल्या दिवशी ती खाली गेली. आम्हीही मागून गेलो. काका टेबलांच्या रांगेत फडकं फिरवत होते. हवेत, कमरेच्या उंचीवर, गोल गोल.

"काका, मी इथून त्या भिंतीपर्यंत सरळ चालत जाणार आहे."

काकांचं फडकं थांबलं. "कशाला, बाळा? वाट आहे की."

"बघायचंय मला."

ती निघाली. मान ताठ, दोन्ही हात अंगाशी. निम्म्या वाटेपर्यंत गेली आणि एकदम वाकली. आवाज कसलाच झाला नाही. पण तिनं दातांतून श्वास आत ओढलेला आम्हाला दारापर्यंत ऐकू आला. तिनं सलवार वर केली तेव्हा नडगीवरची कातडी सोलली होती आणि रक्ताची एक सरळ रेघ आली होती, काठावर आपटल्यावर येते तशी.

"खिळा असेल," ती म्हणाली.

आम्ही फरशीकडे बघितलं. फरशी गुळगुळीत होती.

काका रागावले नाहीत. कापूस आणि मलम घेऊन आले, तिच्यापुढे उकिडवे बसले. "चूक माझी आहे. ही रांग जरा बाहेर आलीय. काल ऑर्डरीच्या गडबडीत सरळ करायची राहून गेली." मग मलम लावता लावता, कोणाला तरी सांगितल्यासारखं, "चांगलं लाकूड आहे. म्हणून लागतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं तक्रार विद्यापीठात नेऊन दिली. आधी ठरलं होतं म्हणून नव्हे. भ्यालेल्या माणसाला येतो तसला राग तिला आला होता.

त्यानंतर काही दिवसांनी काका आले नाहीत.

ते एकही दिवस चुकवत नसत. मॅडमनी स्वतःकडची किल्ली दिली. आम्ही गोदाम उघडलं, आणि दाराची कडी चौकटीवर आपटली तो आवाज भिंतीवर जाऊन परत आला. मग आणखी एकदा. उंट म्हणाला, "कोणी आहे का?" आणि खोलीनं तेच त्याला विचारलं.

तिथे काहीही नव्हतं. म्हणजे आधीही नव्हतं, पण आता खरंच नव्हतं. आम्ही सरळ चालून बघितलं, आडवं चालून बघितलं. एक ऑर्डर निघायची होती, म्हणून वकिलीण हातांच्या खुर्च्यांच्या जागी गेली, गुडघ्यांत वाकली, हात घातले आणि झपकन वर आली. पायरी आहे समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तशी. ती मागे पडता पडता राहिली. तिचे तळवे उघडे होते.

"मी जाऊन येते काकांच्या घरी," ती म्हणाली.

उंट तिच्यासोबत गेला. जे झालं ते दोघांनीही आम्हाला वेगवेगळं सांगितलं, आणि दोन्हीकडून सारखंच निघालं.

काकांचं घर म्हणजे एका चाळवजा इमारतीत पुढे-मागे दोन खोल्या. काकूंनी दार उघडलं, पण पुरतं नाही, फटीएवढंच.

"कंपनीतली का तुम्ही? या. पण असे या, कडेनं. आणि तू रे, उंच मुला, डोकं सांभाळ."

खोलीत एक खाट होती, एक लोखंडी कपाट होतं, भिंतीला टेकवलेली चटई होती. मधे उघडी जमीन. काकू त्या जमिनीच्या कडेनं, भिंतीला पाठ घासत, आडव्या पावलांनी आत गेल्या. दोघं त्यांच्या मागून तसेच गेले. उंट म्हणतो, त्याच्या पोटाला काहीतरी घासत होतं, थंड आणि सपाट. खाटेवर काका तापानं झोपले होते. तोंड उघडं, खांद्यावर पिवळं फडकं तसंच.

"डॉक्टर म्हणाले, थंडीताप आहे, आठवडा जाईल," काकू कुजबुजल्या. "आठवडा! मला स्वयंपाकाला ओट्यापर्यंत धड जाता येत नाही. काल दूध उतू गेलं तर इथून नुसती बघत राहिले."

"काकू, हे..." वकिलिणीच्या तोंडून एवढंच निघालं.

"आजारी पडले की घरीच येतं सगळं. दुसरं कुठे जाणार? तिथे बघणारं कोणी नसतं ना." काकूंनी साडी गुडघ्याखालपर्यंत उचलली. दोन्ही नडग्यांवर जुने, नवे, हिरवे, जांभळे डाग होते. "कारखाना बुडाला तेव्हा तर विचारू नका. लोकांना वाटलं, माल व्यापारी घेऊन गेला. व्यापारी लाकूड घेऊन गेला. माल इथे आला. मी या घरात चालायला विसरले होते हो. माझी बहीण आली तर दारात बसून बोलून जायची. म्हणायची, तुझ्या घरात मला गुदमरतं, का ते कळत नाही."

"मग?"

"मग विद्यापीठानं बोलावलं यांना. पहिल्या दिवशी हे गेले आणि इकडे घर मोकळं. मी खोलीच्या मधोमध चटई टाकली आणि हातपाय पसरून झोपले. शेजारीण म्हणाली, काय हो, बरं नाही का? म्हटलं, बाई, इतकं बरं कधीच नव्हतं." त्या हसल्या, आणि हसता हसता त्यांचा हात वकिलिणीच्या मनगटावर आला. "ते बंद करणार आहेत म्हणे? कोणीतरी अर्ज दिलाय. खरं आहे का गं?"

वकिलिणीनं मान खाली घातली.

"म्हणजे मग हे कायमचं इथे," काकू म्हणाल्या. आवाज चढवून नव्हे. भाजी संपली असं सांगावं तसं. "मी वाकून, आडवी चालून काढेन दिवस. पण वय होतंय. एखाद्या दिवशी पडले मधे, तर यांना मला उचलायला तरी वाट कुठाय?"

परत येताना दोघंही रस्त्याच्या कडेनं चालत होते. रस्ता रिकामा होता.

वकिलीण तडक मॅडमकडे गेली. तक्रार परत घ्यायची आहे. मॅडम म्हणाल्या, कागद वर गेला की वरचा होतो. विद्यापीठातले साहेब पाहणीला येणार आहेत, तुम्हा सगळ्यांना विचारतील. सगळे म्हणालात की उपयोग आहे, तर कदाचित राहील.

आमची बैठक झाली आणि ती सरळ भांडणावर गेली.

"तूच लिहिलंस ना ते? आता आम्ही साहेबांपुढे खोटं बोलायचं?"

"खोटं नको. पण बंद करा असं म्हणू नका."

"आणि आमचं पुढचं? मुलाखतीत काय काकूंच्या नडग्या दाखवू?"

"मलाही नोकरी पाहिजे," वकिलीण म्हणाली. "माझी आई उभी राहून राहून वाळलीय. तुझ्यापेक्षा मला जास्त पाहिजे. पण मी ते घर बघून आलेय."

कोणाचंच कोणाला पटलं नाही. ज्यानं त्यानं आपापलं सांगायचं ठरलं.

साहेब आले ते चांगले गृहस्थ होते, हे सांगायला हवं. घाईत होते, पण त्यांनी प्रत्येकाचं ऐकलं. कोणी म्हणालं, फोनची भीती गेली. कोणी म्हणालं, वेळ गेला. एकजण म्हणाला, शिस्त लागली, आणि कसली ते त्याला सांगता येईना. उंटानं, जो कधी सरळ बोलायचा नाही, सांगितलं, "साहेब, इथे पहिल्यांदाच मी काही जड उचललं." साहेबांनी ते कौतुकानं लिहून घेतलं.

मग वकिलीण.

"तक्रार मी लिहिली. त्यातला एकही शब्द खोटा नाही. या इंटर्नशिपचा आम्हाला नोकरीसाठी उपयोग नाही. पण बंद करू नका."

"का बरं?"

"मग माल कुठे ठेवायचा?"

साहेब हसले. त्यांना वाटलं, मुलगी हुशार आहे. "चला, गोदाम बघू."

काका बरे होऊन आले होते. दारात उभे राहून त्यांनी साहेबांना बॅग बाहेर ठेवायला सांगितली. साहेब म्हणाले, "असू द्या, असू द्या," आणि आत गेले. सरळ. उत्तरपत्रिका ठेवायला जागा कमी पडते, ही खोली छान आहे, असं काहीतरी बोलत, बॅग हलवत, इकडून तिकडे, तिकडून इकडे. त्यांना काहीच लागलं नाही. आम्ही मात्र डोळे मिटून घेतले होते, आणि आमच्यापुढे उभ्या असलेल्या मुलीनं कानांवर हात घेतले होते. आवाज खूप होता, असं ती नंतर म्हणाली.

साहेब गेल्यावर काका आत गेले. वाकून एकेक वस्तू सरळ करत गेले. एके ठिकाणी बसूनच राहिले. काहीतरी मांडीवर घेऊन, त्याच्यावरून अंगठा फिरवत. उंट त्यांच्या शेजारी जाऊन बसला. "पाय मोडला?" त्यानं विचारलं. काकांनी मान हलवली.

निर्णय आला. सत्र संपलं की सराव कंपनी बंद. सगळ्यांना प्रमाणपत्र मिळणार. कोणाचंच नुकसान नाही, असं पत्रात लिहिलं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी वकिलीण काकांपुढे जाऊन उभी राहिली.

"काका, मला एक हातांची खुर्ची पाहिजे."

"कोणत्या कंपनीसाठी?"

"घरासाठी."

"असं देता येत नाही, बाळा. ऑर्डरीशिवाय माल हलत नाही."

"मग घ्या ऑर्डर. गिऱ्हाईक मी आहे."

काकांनी कानावरची पेन्सिल काढली, तिच्याकडे बघितलं, मग आमच्याकडे बघितलं. आम्ही सगळे दारात होतो. त्यांना समजलं असावं. आणि ते एकदम कामाला लागले. "घरी नेणार तर मोजमाप घेतलंय का? दारातून जाईल का? जिन्याला वळण आहे का?"

शेवटच्या आठवड्यात कंपनीनं कधी पाहिला नसेल इतका धंदा झाला. ज्यांनी बैठकीत भांडण केलं होतं त्यांनीही टेबलं घेतली. आम्ही ती रस्त्यानं नेली, जिने चढवली, चौथ्या मजल्यावर धापा टाकत टेकवली. उंटानं कपाट बसमधून नेलं. दोन माणसांची जागा अडवून तो उभा होता. लोक त्याला शिव्या घालत होते, बस खचाखच भरली होती, पण तेवढ्या जागेत कोणी सरकलं नाही. घरोघरी आयांनी विचारलं, असा आडवा काय चालतोस? आम्ही म्हणालो, तिथून नको, इकडून जात जा. आया म्हणाल्या, वेड लागलंय. आणि काही दिवसांनी त्याही इकडून जायला लागल्या.

गोदामात काहीच राहिलं नाही तेव्हा काकांनी किल्ली मॅडमना दिली. मॅडमनी ती हातात घेतली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांचा घसा मोकळा झाल्यासारखा आवाज निघाला. "एक छोटं स्टूल राहिलं असेल तर..." काकांनी ते त्यांच्यासाठी वेगळं ठेवलं होतं.

पुढे ज्याचं त्याचं आयुष्य सुरू झालं. वकिलिणीला पहिल्या मुलाखतीत विचारलं, ही कंपनी आहे कुठे? ती म्हणाली, सध्या आमच्या घरी. ती नोकरी मिळाली नाही. पुढच्या ठिकाणी तिनं ते नावच लिहिलं नाही, तेव्हा मिळाली. एका मोठ्या दुकानाच्या हिशेब खात्यात. तिच्याकडे आता शिकाऊ मुलं येतात. ती त्यांना पहिल्या दिवशी काय सांगते, ते आम्हाला तिनं सांगितलेलं नाही.

काका मात्र मोकळे झाले नाहीत. काकूंचं घर मोकळं झालं. त्यांची बहीण आता आत येऊन बसते, दुपारभर बसते. पण काका सकाळी उठून, पिवळं फडकं खांद्यावर टाकून निघतात. आमच्या घरांच्या फेऱ्या करतात. बेल वाजते, दारात हडकुळा म्हातारा. "माल बघायला आलो." आत येतात, कडेनं जातात, पुसतात, बिजागरी तपासतात, पाणी पितात, जातात. आमच्यातले काही जण ते येणार असले की घरी थांबत नाहीत. ज्यांनी घरं बदलली, त्यांच्या जुन्या घरांतल्या भाडेकरूंनीही त्यांना कधी अडवलेलं नाही. का, हे त्यांनाही माहीत नसावं.

गेल्या महिन्यात ते वकिलिणीकडे गेले होते. सुट्टीचा दिवस, म्हणून ती घरी होती आणि तिची आईही. खिडकीजवळच्या कोपऱ्यात काका गेले, फडकं काढलं, हात पुढे केला आणि थबकले. तळवा तसाच हवेत, मग हळूच खाली, बैठकीच्या उंचीवर टेकवल्यासारखा.

"ही गरम आहे," ते म्हणाले.

वकिलीण उभी होती. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. घरात तिसरं कोणी नव्हतं.

"यावर कोणीतरी बसतंय."

इतक्या वर्षांत हा माल कोणी वापरला नव्हता. तो उचलायचा, पुसायचा, त्याला वळसा घालायचा. बसायचं असतं, हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. तिनं आईकडे बघितलं. आईनं पदराला हात पुसले. पुसून झाल्यावरही पुसत राहिली.

"मी बसते," आई म्हणाली. "लाँड्रीतून आले की. ही यायच्या आधी जरा वेळ. चुकलं का माझं?"

काकांनी फडकं परत खांद्यावर टाकलं. मग त्यांनी जो प्रश्न विचारला तो विचारताना त्यांचा आवाज चोरटा झाला होता, असं वकिलीण सांगते. लग्न करून दिलेल्या मुलीबद्दल तिच्या सासरच्या माणसाला विचारावा तसा.

"कुरकुरते का?"

आईनं विचार केला. "डावीकडे थोडी. रेलून बसलं की."

"पाठीला?"

"पाठीला चांगली आहे."

काकांनी मान हलवली. एकदा, पुन्हा एकदा. कानावरची पेन्सिल काढली, परत ठेवली. "डावा हात सैल असणार. पहिल्या घाण्यातला माल आहे. मी नेतो आणि बदलून..." आणि ते वाकले, गुडघ्यांतून, दोन्ही हात खाली घालून.

आई झटकन पुढे आली. इतक्या वर्षांत ती त्या कोपऱ्यात कोणाच्या देखत गेली नव्हती. तिनं हवेत एका जागी हात घट्ट धरला. तिच्या बोटांची पेरं पांढरी झाली.

"नेऊ नका हो," ती म्हणाली. "असू दे कुरकुरती."